लहान नळीची छर्र्याची बंदूक

आटे नसलेल्या गुळगुळीत नळीतून एकाच बारात अनेक बारीक छर्रे सोडणारी, नेहमीच्या १२ बोअर बंदुकीपेक्षा बरीच अरुंद नळी असलेली हलकी बंदूक. या वर्गात मुख्यतः .४१० इंची बंदूक येते. त्याशिवाय २८ बोअरची बंदूक, युरोपात बागबगीच्यांत वापरली जाणारी ९ मिमी.ची बंदूक आणि अशाच काही जुन्या मापांच्या बंदुका येतात. शिकारीचे हत्यार म्हणून तिला दुय्यम स्थान मिळाले. मात्र पक्षिशास्त्रीय नमुन्यांचे संकलन, गोठा व कोठार यांतील उंदीर-घुशींचा बंदोबस्त, तुरुंगांचा पहारा आणि वैमानिकांची आणीबाणीची सामग्री अशा ठरावीक कामांत तिने मोलाची सेवा बजावली आहे.

मापे व रचना : छर्र्याच्या बंदुकीचे माप बोअरमध्ये सांगतात. नळीत नेमक्या बसणाऱ्या शिशाच्या जितक्या गोळ्या मिळून एक पौंड (सु. ४५४ ग्रॅ.) वजन भरते, तितक्या बोअरची ती बंदूक. त्यामुळे आकडा वाढतो तशी नळी अरुंद होते. १२ बोअरच्या नळीचा व्यास सु. १८.५ मिमी., २० बोअरचा १५.६ मिमी. व २८ बोअरचा १४ मिमी. असतो. .४१० याला अपवाद असून तो नळीचा प्रत्यक्ष व्यास इंचांत आहे (सु. १०.४ मिमी.). बोअरच्या हिशेबात ती ६७–६८ बोअरची ठरेल.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात .४१० हे माप इंग्लंडमध्ये रूढ झाले. त्याची काडतुसे २, २.५ व ३ इंच लांबीची असतात. विंचेस्टर कंपनीने १९३३ मध्ये ‘मॉडेल ४२’ ही बंदूक बाजारात आणली आणि तिच्याबरोबर ३ इंची काडतुसाचा प्रसार झाला. एकनळी, मध्ये मोडून भरायची आणि घडी घालून पिशवीत ठेवता येणारी बंदूक हा तिचा सर्वांत साधा व स्वस्त प्रकार होय. काठीच्या रूपातील बंदुकाही या मापात बनत.

पल्ला व मर्यादा : .४१० च्या २.५ इंची काडतुसात सु. १४ ग्रॅ. छर्रे मावतात. १२ बोअरच्या एका नेहमीच्या काडतुसात ३२ ग्रॅ.पर्यंत असतात. ६ क्रमांकाचे छर्रे (अमेरिकन माप) घेतले, तर पहिल्यात सु. ११० आणि दुसऱ्यात सु. २५० बसतात. दोन्ही बंदुकांतून सुटलेल्या छर्र्यांचा वेग जवळपास सारखाच असतो, त्यामुळे प्रत्येक छर्रा सारख्याच जोराने लागतो. फरक पडतो तो संख्येत. अंतर वाढले की छर्रे पांगतात आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या जागा वाढत जातात. २०–२५ मी.च्या पुढे पाखराच्या अंगात पुरेसे छर्रे शिरतीलच याची खात्री राहत नाही. एखाददुसरा छर्रा लागून जनावर जखमी अवस्थेत निसटते व पुढे तडफडून मरते. म्हणून या बंदुकीचा जबाबदार उपयोग जवळच्या अंतरावर, लहान लक्ष्यावर आणि मागची बाजू नीट दिसत असतानाच होऊ शकतो. पुढील बहुतेक उपयोग याच मर्यादेत बसतात.

नमुना-संकलन : दुर्बिणी चांगल्या नव्हत्या आणि जाळीत पक्षी पकडून, त्याला वळे घालून सोडून देण्याची पद्धत रुळली नव्हती, त्या काळात पक्ष्याची जात पक्की ठरवायची तर तो हातात असावा लागे. मोठ्या बंदुकीच्या बाराने चिमणीएवढ्या पाखराच्या चिंध्या होत. शिंजीर, वटवट्या, फुलटोचा असे पक्षी मिळवण्यासाठी संकलक अरुंद नळी, थोडी दारू आणि मोहरीहूनही बारीक छर्रे वापरत. काही जण मोठ्या बंदुकीच्या नळीत बसणारी बारीक जोडनळी जवळ बाळगत. अशा बाराचा आवाज कमी असे, त्यामुळे आसपासची पाखरेही फारशी बुजत नसत.

पाखरू हाती येताच त्याच्या चोचीत व जखमांत कापूस भरला जाई. रक्त पिसांना लागू नये म्हणून त्यावर कोरडी भुकटी टाकत. मग कागदाचा शंकू करून त्यात पाखरू डोक्याकडून सरकवत आणि शेपटी न मुडपता शंकूचे तोंड मिटत. डोळे, चोच व पाय यांचे रंग मेल्यावर लवकर पालटतात, म्हणून ते तेथल्या तेथे वहीत टिपायचे असत. मुक्कामावर कातडे सोलून त्याला आतून सोमलयुक्त साबण चोळत, कापूस भरत आणि पायांना चिठ्ठी बांधत. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, संकलकाचे नाव आणि पोट उघडून पाहून ठरवलेले लिंग असे. ही चिठ्ठी नसलेल्या कातड्याला शास्त्रीय मोल जवळजवळ नाही.

भारतीय उपखंडातील पक्ष्यांच्या अभ्यासाचा पाया अशाच कातड्यांवर रचला गेला. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला दिलेल्या संग्रहात पक्षी व अंडी मिळून सु. ८२,००० नमुने होते. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’चा संग्रहही याच मार्गाने वाढला. सालिम अलींची पक्षिशास्त्राशी गाठ पडली ती १९०८ मध्ये, त्यांनी लहानपणी मारलेल्या एका पिवळ्या कंठाच्या चिमणीमुळे. ती मात्र हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीने मारलेली होती. पुढे १९३१–३२ मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानाची पक्षिपाहणी केली. आजचा मराठवाडा तेव्हा त्या संस्थानात होता.

चिठ्ठीचे मोल किती, हे रानपिंगळ्याच्या उदाहरणावरून कळते. ह्यूम यांनी १८७३ मध्ये या घुबडाचे वर्णन केले. खानदेशात नोकरीस असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी १८८४ मध्ये मिळवलेल्या नमुन्यानंतर त्याची खात्रीची नोंद नव्हती. ब्रिटिश संग्राहक रिचर्ड मायनर्ट्‌झहागेन यांच्या संग्रहातील एका कातड्यावर गुजरात, १९१४ अशी चिठ्ठी होती. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तपासल्यावर तो डेव्हिडसन यांचाच जुना नमुना असून त्याची चिठ्ठी बदललेली असल्याचे दिसून आले. ती खोटी नोंद बाजूला सारून, जुन्या खऱ्या नोंदींच्या ठिकाणी शोध घेतल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये नंदुरबार भागात शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा सापडला. शतकापूर्वीच्या बारांचे आजवर टिकलेले फळ म्हणजे हे नमुने. बंदुकीने केलेल्या संकलनाचे प्रमाण योग्य होते की अयोग्य, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यानंतर असे संकलन परवानगीवाचून करता येत नाही. आता या कामासाठी बारीक जाळी, छायाचित्रे, आवाजाचे ध्वनिमुद्रण आणि रक्ताचे वा पिसांचे नमुने वापरतात.

शेती व कोठारे : ब्रिटन, फ्रान्स व अमेरिका येथील शेतांवर उंदीर, घुशी, ससे व कबुतरे यांच्यासाठी .४१० आणि ९ मिमी.च्या बंदुका वापरल्या जातात. बारीक छर्र्यांचा जोर लवकर ओसरत असल्याने कोठाराच्या छपराला व पत्र्याला कमी इजा होते. कठीण पृष्ठभागावरून छर्रा उलटून येण्याचा धोका मात्र राहतोच.

कोकणात शेतसंरक्षणासाठी परवान्यावर बंदुका दिल्या जातात. त्यांत ठासणीच्या बंदुका बऱ्याच असून, नारळ-केळीच्या बागेतून वानरांची टोळी हुसकावण्यासाठी पुष्कळदा नुसता बार काढला जातो. निवडणुकीच्या काळात या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, हा शेतकऱ्यांच्या नाराजीचा विषय आहे. रानडुक्कर व रोही यांच्यापासून होणाऱ्या पीकनुकसानीबाबत ही जनावरे मारण्याच्या परवानगीची पद्धत महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ठरवून दिली. .४१० चे छर्रे या जनावरांसाठी सर्वस्वी अपुरे असून ती फक्त जखमी होतात. साप भारतात कायद्याने संरक्षित आहेत. अमेरिकेत प्रचलित असलेला सापांवरील उपयोग येथे गुन्हा ठरतो.

पहाऱ्याचे हत्यार : बंगालमधील इशापूर येथील कारखान्यात .३०३ लष्करी रायफलींचे .४१० च्या एकबारी मस्केटमध्ये रूपांतर केले जाई. नळी गुळगुळीत असे आणि खजिन्याच्या जागी लाकडी ठोकळा बसवलेला असे, त्यामुळे प्रत्येक बारानंतर हाताने काडतूस भरावे लागे. काडतूस .३०३ च्याच पितळी पुंगळीचे, पण तोंडाशी न आवळलेले असे. तुरुंगाचे पहारेकरी व पोलीस यांना ती देत. गर्दीच्या जागी गोळी फार दूर जाऊ नये आणि हत्यार हिसकावले गेले तरी रायफलीइतके घातक ठरू नये, असा त्यामागे हेतू असल्याचे सांगितले जाते. हे काडतूस बाजारातील .४१० काडतुसापेक्षा वेगळे असल्याने दोन्ही एकमेकांच्या बंदुकीत वापरणे धोक्याचे आहे.

आणीबाणीची सामग्री : अमेरिकन हवाई दलाने १९५० च्या दशकात वैमानिकांसाठी ‘एम-६’ ही घडीची बंदूक स्वीकारली. तिची वरची नळी .२२ हॉर्नेट रायफलीची व खालची .४१० ची होती. दस्त्यातच नऊ रायफल-काडतुसे व चार छर्र्यांची काडतुसे ठेवण्याची सोय होती. १९६५ मध्ये ‘व्होस्खोद-२’ यानातील बेल्यायेव व लिओनोव्ह हे अंतराळवीर ठरलेल्या जागेपासून दूर, बर्फाळ अरण्यात उतरले. त्या अनुभवानंतर पुढे सोव्हिएत अंतराळवीरांना तीन नळ्यांचे ‘टीपी-८२’ हे पिस्तूल देण्यात आले. त्याच्या दोन नळ्या १२.५ मिमी.च्या, छर्र्यांसाठी होत्या. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते वापरातून गेले.

प्रशिक्षण व स्पर्धा : खांद्याला धक्का कमी बसतो म्हणून मुलांना शिकवण्यासाठी .४१० देण्याची प्रथा आहे. छर्रे थोडे असल्याने नेम वारंवार चुकतो व नवशिका निराश होतो, असे सांगून काही प्रशिक्षक २८ किंवा २० बोअर सुचवतात. अमेरिकन स्कीट (उडत्या चकत्यांवरील नेमबाजी) स्पर्धांत १२, २०, २८ व .४१० असे चार गट असतात.

पशुवैद्यक : ब्रिटनमध्ये असाध्य दुखापत झालेल्या शेळ्यामेंढ्यांना वेदनामुक्त करण्यासाठी प्रशिक्षित व्यक्ती .४१० ची बंदूक वापरतात.

कायदा : भारतात १९५९ चा शस्त्र अधिनियम लागू असून परवान्यावाचून बंदूक बाळगता येत नाही. कलम १३ मध्ये संरक्षण वा खेळासाठी किमान २० इंच नळीच्या गुळगुळीत बंदुकीचा आणि खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. एका व्यक्तीकडील बंदुकांची मर्यादा २०१९ च्या दुरुस्तीने तीनवरून दोनवर आली. ब्रिटनमध्ये नळी किमान २४ इंच असावी लागते.

शिशाचा प्रश्न : पाणथळीत पडलेले शिशाचे छर्रे खडे समजून गिळल्याने बदके मरतात. डेन्मार्कने १९९६ मध्ये शिशाच्या छर्र्यांवर बंदी घातली, तर यूरोपीय संघात २०२३ पासून पाणथळ जागी ते वापरता येत नाहीत. पोलाद शिशापेक्षा हलके आहे. तेवढ्याच वजनाचे पोलादी छर्रे जास्त जागा व्यापतात, आणि .४१० च्या काडतुसात जागाच थोडी असल्याने तिचा पल्ला आणखी घटतो. शिशाहून जड असलेले टंगस्टनचे छर्रे ही उणीव भरून काढतात, पण ते फार महाग पडतात. पाणथळीवर ही बंदूक चालवणाऱ्याने हा खर्च सोसावा किंवा बंदूक खाली ठेवावी, हेच पक्ष्यांच्या हिताचे आहे.