'स्मोक ऑन द वॉटर' : गाण्यात बसवलेली आगीची बातमी

गिटार शिकायला घेतलेलं पोरगं पहिल्या आठवड्यातच एक धून छेडून बघतं. चार सुरांची, सोपी, पण कानात बसली की निघत नाही अशी. इंग्रजी गाणी न ऐकणाऱ्या माणसालाही ती कुठेतरी ऐकल्यासारखी वाटते. ती धून म्हणजे इंग्लंडच्या डीप पर्पल या हार्ड रॉक बँडचं 'स्मोक ऑन द वॉटर'.

मंडळी, मी संगीत समीक्षक नाही. नगरपालिकेच्या सभा, अपघात आणि पाणीटंचाई कव्हर करणारा साधा बातमीदार आहे. तरी या गाण्यावर लिहितोय, कारण हे गाणं म्हणजे चक्क एक बातमी आहे. कुठे, केव्हा, कोण, काय झालं, पुढे काय, सगळं त्यात आहे. पत्रकारितेच्या वर्गात शिकवावी इतकी नेटकी.

तर बातमी अशी. बँड १९६८ साली सुरू झाला. १९६९ मध्ये गायक इयन गिलन आणि बास वाजवणारा रॉजर ग्लोव्हर आले. गिटारवर रिची ब्लॅकमोर, ऑर्गनवर जॉन लॉर्ड, ड्रमवर इयन पेस आधीपासून होतेच. या पाच जणांनी बँडला नाव मिळवून दिलं. १९७१ च्या डिसेंबरात ते नव्या अल्बमसाठी स्वित्झर्लंडला माँत्रोला गेले. जिनिव्हा सरोवराच्या काठचं हे गाव. तिथल्या कॅसिनोत हंगाम संपला की रेकॉर्डिंग करायचं ठरलं होतं. रोलिंग स्टोन्स बँडचा फिरता स्टुडिओ, म्हणजे ट्रकमध्ये बसवलेली यंत्रणा, भाड्याने आणली होती.

कॅसिनोतला शेवटचा कार्यक्रम फ्रँक झापाचा होता. तारीख ४ डिसेंबर. कार्यक्रम रंगात आलेला असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर गन, म्हणजे सिग्नलसाठी आगीचा गोळा उडवणारं पिस्तूल, छताकडे उडवलं. छताने पेट घेतला. झापाने वाजवणं थांबवून लोकांना शांतपणे बाहेर पडायला सांगितलं. कार्यक्रमाचे आयोजक क्लोद नोब्स आत अडकलेल्या पोरांना बाहेर काढत राहिले. इमारत पार जळून गेली, झापाचं सगळं सामान खाक झालं, पण एकही माणूस मेला नाही. डीप पर्पलच्या मंडळींनी सरोवराच्या पाण्यावर पसरत जाणारा धूर पाहिला. काही दिवसांनी ग्लोव्हर झोपेतून जागा झाला तो गाण्याचं नाव तोंडात घेऊनच.

पुढचा त्रास आपल्याकडच्या कलाकारांना चांगला समजेल. दुसरं थिएटर मिळालं, तिथे एक धून रेकॉर्ड होतेय तोवर शेजाऱ्यांची आवाजाची तक्रार, दारात पोलीस. ती धून हीच! शेवटी एका बंद पडलेल्या मोठ्या हॉटेलच्या बोळात गाद्या लावून काम उरकलं. 'मशीन हेड' अल्बम १९७२ मध्ये आला. गंमत म्हणजे त्यातून एकल रेकॉर्ड आधी दुसऱ्याच गाण्याची काढली. या गाण्यावर फारसा कुणाचा भरवसा नव्हता.

गाणं खरं उभं राहिलं मंचावर. १५ ऑगस्ट १९७२, आपल्याकडे स्वातंत्र्याची २५ वर्षं साजरी होत होती, त्या दिवशी हा बँड जपानमध्ये ओसाकाला वाजवत होता. तिथलं आणि नंतर टोकियोतलं रेकॉर्डिंग मुळात फक्त जपानी बाजारासाठी होतं. त्यातून झालेला 'मेड इन जपान' आजही उत्तम लाइव्ह अल्बममध्ये गणला जातो. त्यात हे गाणं ऐका. लोकांच्या टाळ्या, ब्लॅकमोरची खोडकर सुरुवात, शेवटी गिटार आणि ऑर्गनची जुगलबंदी. आपल्या बैठकीतल्या सवाल-जवाबासारखी. १९७३ मध्ये हे गाणं अमेरिकेच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. त्याच वर्षी गिलन आणि ग्लोव्हर बँड सोडून गेले. १९७६ ला बँड मोडला, १९८४ ला पुन्हा जुळला. एप्रिल १९९५ मध्ये ही मंडळी मुंबईतही वाजवून गेली. तोवर ब्लॅकमोर निघून गेला होता, गिटारवर स्टीव्ह मोर्स होता. गाणं मात्र तेच.

आता मुद्द्यावर येतो.

हे गाणं आपण नाचून ऐकू शकतो, कारण त्या रात्री सगळे जिवंत बाहेर आले. तसं झालं नसतं तर ते शोकगीत झालं असतं. २० फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये ग्रेट व्हाइट या दुसऱ्या हार्ड रॉक बँडच्या कार्यक्रमात मंचावर शोभेची दारू उडवली. भिंतीवरच्या फोमने पेट घेतला. काहींना तो खेळाचाच भाग वाटला. मग बहुतेक जण ज्या दाराने आत आले त्याच दाराकडे धावले. १०० माणसं गेली.

आपल्याकडे काय वेगळं आहे? डिसेंबर २०१७, मुंबईचं कमला मिल आवार, १४ मृत्यू. डिसेंबर २०२५, गोव्यातलं हडफडे, नाइटक्लब, २५ मृत्यू. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेही केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. राजर्षी शाहूंनी उभारलेली वास्तू. तिथे जीवितहानी झाली नाही, एवढंच समाधान.

कायदा नाही असं नाही. महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक कायदा सांगतो की, आगरोधक यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र मालकाने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचं. कागद येतोही. पण मी बातमीसाठी ज्या सभागृहांत आणि मंगल कार्यालयांत जातो, तिथे मागच्या दारापुढे खुर्च्यांची चळत असते, दाराला कुलूप असतं आणि किल्ली कुणाकडे आहे ते विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. लग्नात त्याच हॉलमध्ये स्टेजवर 'कोल्ड फायर' उडते. वर कापडी मंडप, खाली पाचशे पाहुणे.

माँत्रोला नशीब होतं, पण नुसतं नशीब नव्हतं. मंचावरच्या माणसाने डोकं शांत ठेवलं आणि आयोजक स्वतः आत शिरला. आपल्या आयोजकांना बाहेर पडायची दारं किती, एवढं तरी माहीत असतं का?

म्हणून एकच विनंती. पुढच्या लग्नाला, नाटकाला, सत्काराला जाल तेव्हा बसण्याआधी दुसरं दार कुठे आहे ते बघा आणि ढकलून बघा. उघडलं नाही तर तिथल्या तिथे व्यवस्थापकाला विचारा. जुलैचं प्रमाणपत्र दाखवा म्हणा. दहा जणांनी विचारलं ना, की किल्ली बरोबर सापडते.