खाचरियावासचा आमदार

जयपूरच्या जुन्या शहराला तेथील माणूस आजही ‘चारदीवारी’ असेच म्हणतो. शेखावाटीकडून येणारा वाटसरू पश्चिमेच्या चांदपोल दरवाजातून तीत शिरला, म्हणजे छोटी चौपड, त्रिपोलिया बाजार आणि बडी चौपड असा सरळ, रुंद रस्ता त्याला राजवाड्याच्या कुशीत आणून सोडतो. सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये वसविलेल्या आणि विद्याधर भट्टाचार्यांनी नऊ चौकड्यांत आखलेल्या या नगराविषयी लिहिताना मराठी लेखकाने एक जुनी आठवण टाळू नये. मराठ्यांच्या खंडणीचा तगादा असह्य होऊन डिसेंबर १७५० मध्ये जयपूरचा राजा ईश्वरीसिंह याने विष घेतले, आणि पुढच्याच महिन्यात शहर पाहावयास आत आलेल्या मराठ्यांची दरवाजे बंद करून कत्तल झाली. त्या काळी या तटाच्या आतबाहेर जो व्यवहार चाले तो फौज, खंडणी आणि तहनामा यांचा. खेड्यातल्या कुणब्याला त्यात एकच स्थान होते, ते म्हणजे शेवटी सारे भरून देणाऱ्याचे.

बडी चौपडीवरून हवामहालाच्या अंगाने उत्तरेकडे निघावे, तर सिरह ड्योढी बाजारात सवाई मानसिंह टाउन हॉलची वास्तू लागते. राजस्थानची विधानसभा १९५२ पासून २००१ पर्यंत येथे भरली. दरबारच्या दिवशी ठिकाणेदार आणि जागीरदार ज्या जलेब चौकाच्या परिसरातून राजवाड्यात जात, त्याच्या शेजारी, राजवाड्याच्या सावलीतच, गावोगावच्या मतपेट्यांतून निघालेली माणसे येऊन बसू लागली. त्यांत राजे होते, जागीरदार होते, आणि खाचरियावास नावाच्या खेड्यातून आलेला एक माजी फौजदारही होता. भैरोसिंह शेखावत हे त्याचे नाव. ग्रामीण आमदार म्हणजे काय, याचा विचार करू लागलो की माझ्यासमोर प्रथम हाच पुरुष उभा राहतो.

त्यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९२३ चा, सीकर जिल्ह्यातील खाचरियावासचा. वडील देवीसिंह शिक्षक होते. ते अकाली गेल्यामुळे थोरल्या मुलाचे शिक्षण सुटले, नांगर हाती आला आणि पुढे पोलिसातली नोकरी. जात राजपूत, आडनाव शेखावत, म्हणजे ज्या कुळाच्या नावावरून त्या मुलखालाच शेखावाटी म्हणतात त्या कुळाचे. परंतु घरची स्थिती बेताची. या दोन गोष्टींची ही सांगड ध्यानात ठेवावयास हवी.

कारण शेखावाटीतली जागीरदारी ही केवळ महसुलाची एक पद्धत नव्हती. पीक उभे असता ठिकाण्याचा, म्हणजे जागिरीचा, कामदार शेताच्या बांधावर येई आणि नजरेने अंदाज बांधून हिस्सा ठरवी, त्याला ‘कूंता’ म्हणत. धान्य मळून खळ्यावर रास पडल्यावर वाटणी होई, तो ‘लाटा’. लाटा झाल्याखेरीज कुणब्याने स्वतःच्या राशीतले पायलीभर धान्यही घरी न्यावयाचे नाही, मग खळ्यावर अवकाळी पाऊस येवो की घरी चूल विझो. त्यावर ‘लाग-बाग’ नावाच्या नाना प्रकारच्या पट्ट्या आणि बिनमोल ‘बेगार’. सीकर ठिकाण्यातल्या शेतकऱ्यांनी याविरुद्ध दीर्घ लढा दिला आणि १९३५ मध्ये कूदण गावी त्यांच्यावर गोळ्या चालल्या. आपल्या कोकणातील खोतीची ज्यांना माहिती आहे, ज्यांना डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात मांडलेले खोतीनिर्मूलनाचे विधेयक स्मरते, त्यांना हे दुःख वेगळे समजावून सांगावयास नको. आंबेडकरांची भूमिका पीडितांच्या बाजूला जन्मलेल्या माणसाची होती. भैरोसिंहांना जी भूमिका घ्यावी लागली ती दुसऱ्या बाजूला जन्मलेल्याची.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते जनसंघाच्या ‘दीपक’ या चिन्हावर दांता रामगढ मतदारसंघातून निवडून आले. उमेदवारी अर्ज भरण्यासाठी सीकरला निघताना पत्नीने दहा रुपयांची नोट हाती ठेवली, अशी आठवण सांगितली जाते. १६० जणांच्या त्या सभागृहात जनसंघाचे अवघे आठ सदस्य होते. जागीरनिर्मूलनाचा कायदा १९५२ च्या आरंभी झालेला असला तरी त्याचा अंमल न्यायालयात अडकला होता, पुढे वाटाघाटी आणि दुरुस्त्या व्हावयाच्या होत्या, आणि हा वाद नव्या विधानसभेत धुमसत राहिला. जनसंघाच्या जाहीरनाम्यात जागीरदारीच्या अंताचे वचन होते. आमदारांपैकी बहुतेकांचा जीव मात्र जागिरीत गुंतला होता. त्यांनी विरोध केला, आणि पक्षाने त्यांना दूर केले. भैरोसिंह वचनाच्या बाजूने उभे राहिले. तिशीही न गाठलेला, दोन वर्षांपूर्वीपर्यंत फारसा कोणाला ठाऊक नसलेला तरुण आपल्या सोयऱ्याधायऱ्यांच्या सनदा रद्द व्हाव्यात असे ज्या सभागृहात म्हणतो, त्याच सभागृहातून त्याला गावी परतून त्याच सोयऱ्यांच्या लग्नाकार्यांत आणि सुतकांत बसावयाचे असते. शहरी प्रतिनिधीला जनमताचा रोष वर्तमानपत्रांतून कळतो. गावच्या आमदाराला तो पंगतीतल्या अबोल्यातून कळतो. हे धैर्य मला त्यांच्या पुढील सर्व पदांहून थोर वाटते.

१९५७ मध्ये ते श्रीमाधोपूरहून आले, आणि १९६२ व १९६७ मध्ये चक्क चारदीवारीतल्या किशनपोलहून. छोट्या चौपडीपासून अजमेरी गेटापर्यंत गेलेल्या बाजारपेठेचे नाव धारण करणाऱ्या मतदारसंघाने खेड्यातल्या माणसाला आपला मानले. १९६७ ची निवडणूक या शहराच्या स्मरणात रक्ताने लिहिली गेली आहे. १८४ जागांत काँग्रेसला ८९ मिळाल्या असताना राज्यपाल संपूर्णानंद यांनी काँग्रेसच्या मोहनलाल सुखाडियांना सरकार बनविण्यास पाचारण केले, विरोधकांचा संताप रस्त्यावर उतरला, जौहरी बाजारात गोळीबार होऊन माणसे मेली, आणि १३ मार्चला राष्ट्रपती राजवट आली. एप्रिलच्या अखेरीस सुखाडियाच पुन्हा मुख्यमंत्री झाले.

१९७२ चा पराभव, मध्य प्रदेशातून मिळालेली राज्यसभा, आणीबाणीतला रोहतकचा तुरुंग, हा काळ सोडून देऊ. २२ जून १९७७ रोजी ते मुख्यमंत्री झाले आणि त्याच वर्षीच्या २ ऑक्टोबरला त्यांनी अंत्योदय योजना सुरू केली. प्रत्येक गावात ग्रामसभेने सर्वांसमक्ष पाच अत्यंत दरिद्री कुटुंबे निवडावयाची, आणि त्यांना जमीन, उंटगाडा, जनावर, कर्ज किंवा निवृत्तिवेतन यांपैकी जे उपयोगी पडेल ते द्यावयाचे. यातले मर्म ‘सर्वांसमक्ष’ या शब्दात आहे. दारिद्र्याची यादी पटवाऱ्याच्या दफ्तरात तयार झाली तर तीत कोणाची नावे चढतात, हे फौजदारकी केलेल्या आणि खेड्यात वाढलेल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. चावडीपुढे गाव जमले असता सर्वांत गरीब कोण, याबद्दल गाव सहसा खोटे बोलत नाही. कूंत्याचा अंदाज एकटा कामदार बांधी. हा अंदाज गावाने बांधावयाचा होता.

सप्टेंबर १९८७ मध्ये त्यांच्याच सीकर जिल्ह्यातील देवराळा गावी रूपकंवर पतीच्या चितेवर जळाली. सतीच्या समर्थनार्थ जयपुरात तलवारी उपसलेले जथे निघाले, कुळाच्या अभिमानाच्या घोषणा झाल्या, आणि अनेक पुढाऱ्यांनी मौन पत्करले. भैरोसिंहांनी सतीप्रथेचा स्पष्ट निषेध केला आणि पुन्हा एकदा स्वजातीचा रोष ओढवून घेतला. पस्तीस वर्षांच्या अंतराने तीच परीक्षा पुन्हा समोर आली होती, आणि या वेळी मागे राखावयाच्या मतांचा साठाही मोठा होता.

१९९० आणि १९९३ मध्ये ते पुन्हा मुख्यमंत्री झाले, २००२ मध्ये उपराष्ट्रपती. २००७ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला तो प्रतिभाताई पाटलांकडून. त्या खानदेशातल्या नाडगावच्या, १९६२ मध्ये जळगावहून आणि नंतर एदलाबादहून वारंवार निवडून आलेल्या आमदार, आणि त्या निवडणुकीपर्यंत जयपूरच्या राजभवनात राजस्थानच्या राज्यपाल. त्यांचे पती देवीसिंह हे अमरावतीत स्थायिक झालेल्या शेखावत घराण्याचे, ज्याचे मूळ सीकरकडचेच. देशाच्या सर्वोच्च पदासाठी गावच्या राजकारणात मुरलेले दोन जुने आमदार समोरासमोर उभे होते, आणि त्यांतल्या एकीच्या सासरचे आडनाव दुसऱ्याच्या आडनावाशी जुळत होते.

१५ मे २०१० रोजी भैरोसिंहांचे जयपुरात निधन झाले. विधानसभा त्याआधीच ज्योतीनगरच्या विस्तीर्ण वास्तूत गेली होती. त्यांचा अंत्यसंस्कार तटाबाहेरच्या विद्याधर नगरात झाला. चारदीवारीचा आराखडा काढणाऱ्या विद्याधरांचे नाव त्या वसाहतीला आहे, आणि खाचरियावासला जाणारा सीकरचा रस्ता तिच्या बाजूनेच जातो.