नांदेड-लातूर : एसटीने जाऊन पायी फिरण्याच्या तीन जागा

डोंगरभटकंती म्हटली की सह्याद्री आठवतो. पण नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतही स्वतःची गाडी नसताना जाता येईल अशा जागा आहेत.

माहूर (नांदेड) : नांदेडहून एसटी मिळते. रेणुकामाता, दत्तशिखर आणि अनसूयामाता ही तीन शिखरे, शिवाय किल्ला व पांडवलेणी. सगळे पायी पाहायचे तर मुक्काम करावा.

सहस्रकुंड (नांदेड-यवतमाळ सीमा) : इस्लापूरजवळ पैनगंगेवरचा धबधबा. मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावर याच नावाचे स्टेशन आहे. पावसाळ्यात पाणी अचानक वाढते, त्यामुळे खडकांवर उतरू नये.

खरोसा (लातूर) : औसा-निलंगा रस्त्यावरच्या या गावाच्या टेकडीत सुमारे सहाव्या शतकातील लेणी असून त्यांत शैव-वैष्णव शिल्पे आहेत.

तिकीट : १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना ५० टक्के सवलत आहे. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे.

सर्वांत महत्त्वाचे : खेड्यांकडे जाणाऱ्या फेऱ्या कमी असतात आणि शेवटची गाडी चुकली तर अडकून पडावे लागते. म्हणून बसमधून उतरतानाच कंडक्टरला परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारावी आणि त्या हिशेबाने चढायला सुरुवात करावी. उन्हाळ्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो. भटकंतीसाठी पावसाळा व हिवाळाच बरा.