सत्ती ठेवायची की बदलायची?

'ल हेर' हा पत्त्यांचा जुना फ्रेंच डाव. पॉलला एक पान, पिअरला एक. मोठं पान जिंकतं. पॉल आपलं पान पिअरशी बदलू शकतो, मग पिअर त्याचं पान कॅटमधल्या पानाशी. बाकी पानांचं सोपं आहे हो, सगळा लोचा पॉलच्या सत्तीचा आणि पिअरच्या अठ्ठीचा. ठेवायची की बदलायची?

माँमोर आणि निकोलस बर्नुली यावर पत्रांतून वाद घालत होते. पॉलचा नियम कळला की पिअर आपला बदलणार, मग पॉलही बदलणार... चक्क इन्फिनिट लूप!

नोव्हेंबर १७१३ च्या पत्रात माँमोरने वाल्डग्रेव्ह नावाच्या गृहस्थाचा तोडगा कळवला: आधी ठरवूच नका! पिशवीत दोन रंगांच्या सोंगट्या ५ आणि ३ च्या प्रमाणात टाका, हाताला येईल तिचं ऐका. प्रमाण पिअरला सांगून टाकलं तरी त्याला फायदा नाही. मला तर हे भन्नाट वाटतं. गुपित नियमात नाहीच, सोंगटीत आहे.

एकाचा फायदा तोच दुसऱ्याचा तोटा अशा दोघांच्या खेळांत असं मिश्रण कायम सापडतं, हे फॉन नॉयमनने सिद्ध केलं ते १९२८ साली. २१५ वर्षांनी! वाल्डग्रेव्हला मात्र स्वतःलाच शंका होती, की असं खेळणं रीतीत बसतं का?