तांब्याचे श्रेय, चिंचेचे कष्ट

तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यात जंतू मरतात हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते, असे हल्ली उठसूट सांगितले जाते. जंतू मरतात हे खरेच आहे. बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कॉलरा, विषमज्वर आणि अतिसाराचे जंतू मिसळलेले पाणी १६ तास तांब्याच्या भांड्यात ठेवले, तेव्हा एकही जंतू पुन्हा वाढवता आला नाही. पाण्यात उतरलेले तांबे जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या बरेच आत होते. ‘पूर्वजांना ठाऊक होते’ हा दावा मात्र कल्हईपाशी अडतो. तांबे स्पर्शाने मारते. त्याचे आयन जंतूच्या आवरणाला भगदाडे पाडतात. मध्ये कथील आले की तो स्पर्श संपला. आणि स्वयंपाकाची तपेली-पातेली तर आतून कथलानेच मढवली जात. कल्हईवाला भाता मारून निखारे फुलवी, तापल्या भांड्यात नवसागराची पूड टाकी, पांढरा धूर उठे; कथलाची कांडी टेकताच वितळे आणि कापसाच्या बोळ्याने तो पाहता पाहता भांडे आतून चांदीसारखे करी. हा सारा खटाटोप ताक, आमटी कळकू नये म्हणून होता. जंतू कुणाच्या हिशेबातच नव्हते.

यावर कुणी म्हणेल, कारण कळले नसेल, पण अनुभव तर होता; म्हणून तर पाण्याचे हंडे, कळश्या सहसा बिनकल्हईच्या राहिल्या. अनुभवाचे मोल नाकारण्याचे कारण नाही. पण साध्या पाण्याने भांडे कळकत नाही, मग कल्हईचा खर्च कशाला, एवढा व्यवहारही त्यामागे पुरेसा आहे. सूक्ष्म मात्रेतले तांबे शेवाळाच्या पेशी मारते, हे कार्ल फॉन नेगेली या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाचे निरीक्षण त्याच्या मृत्यूनंतर, १८९३ साली छापले गेले. १९८३ साली एका अमेरिकी रुग्णालयात पितळी आणि स्टीलच्या दारमुठींची तुलना झाली, तेव्हा कुठे तांब्याचा हा गुण रुग्णालयाच्या दारापर्यंत पोचला. आपल्या प्रथेला जंतुनाश लाभला तो चव, पोट आणि खर्च सांभाळता सांभाळता.

शिवाय हा गुण एकदा भांडे घडवले की कायमचा मिळतो असेही नाही. पुण्याच्या तांबट आळीतला कारागीर मठारून हंडा घडवी. पुढची वर्षानुवर्षे तो चिंचेने, राखेने घासला जाई, आणि ते काम बहुधा बायकांच्या वाट्याला येई. काळवंडलेले तांबे निकामी होत नाही, पण त्यावर तेलकट, बुळबुळीत थर साचला की जंतू धातूपर्यंत पोचतच नाहीत. स्पर्शाने जंतू मारणारे आजचे पॉलिमरही याच अडचणीत आहेत. २००१ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या अलेक्झांडर क्लिबानोव्ह यांच्या गटाने काचेवर धनभारित पॉलिमरच्या साखळ्या पक्क्या बसवल्या. कोणतेही औषध पाण्यात न सोडता, केवळ टेकलेल्या जंतूंचे आवरण फाडून त्या त्यांना मारीत. पण मेलेल्या जंतूंचा आणि मळाचा थर साचला की असे पृष्ठभागही मंदावतात. ते धुवावे लागतातच.

म्हणून स्टील आले आणि घराघरांतून तांबे-पितळ माळ्यावर गेले, याला परंपरेचा विसर म्हणणे अन्यायाचे आहे. स्टील जंतू मारत नाही, पण सहज धुतले जाते आणि त्याला कल्हई लागत नाही. ज्यांचे हात घासण्यात झिजत होते त्यांनी ही निवड डोळसपणे केली. आज कुणाला तांब्याची कळशी पुन्हा घ्यायची असेल तर जरूर घ्यावी. तीत साधे पाणीच ठेवावे, आंबट काही नको. पाण्याच्या शुद्धतेविषयी शंका असेल तर ते आधी उकळावे. आणि ती कळशी रोज कोण घासणार, हे घेण्यापूर्वीच ठरवावे.