जाते, गिरणी आणि श्रमाचा इतिहास

महाराष्ट्रातील यंत्रयुगाचा आरंभ सामान्यतः मुंबईपासून सांगितला जातो. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. १८५४ साली कावसजी दावर यांनी कापडगिरणीसाठी कंपनी स्थापन केली. या घटनांचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि घरोघरी पहाटे फिरणारे जाते हेही यंत्रच होय, ही गोष्ट या इतिहासातून गळते. त्याचे कारण जात्याच्या रचनेत नसून ते कोणाच्या हाती होते, यात शोधावे लागते.

खालचा दगड स्थिर, वरचा खुंट्याने फिरणारा, अशी जात्याची रचना. वैरण किती घालावी, गती किती राखावी, भरड कोणत्या धान्याची काढावी व पीठ कोणत्याचे करावे, हे ज्ञान दळणारीपाशी असे. झिजलेल्या दगडास टाकी लावणाऱ्याचे काम व्यवसाय गणले गेले व त्यास 'टाकारी' हे नाव मिळाले. दळणारीच्या कौशल्यास मात्र व्यवसायाचे नाव मिळाले नाही. ते घरकामात विरून गेले.

या श्रमाची नोंद राहिली ती प्रामुख्याने गीतामुळे. ११२९ च्या सुमारास सिद्ध झालेल्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख संगीताच्या संदर्भात येतो. पुढे विसाव्या शतकात हेमा राइरकर व गी पॉइटवाँ यांच्या प्रयत्नांतून जात्यावरील एक लाखाहून अधिक ओव्या संगृहीत झाल्या. माहेर, भाऊ, सासुरवास, सीतेचा वनवास, बाबासाहेब आंबेडकर असे त्यांचे विषय आहेत. शाळेचे दार ज्यांना बंद होते, त्यांचे विचारधन येथे साठले आहे.

पिठाची गिरणी आली आणि जाते मुके झाले. ओवी लोपल्याची हळहळ रास्त आहे. परंतु ओवीसाठी जाते फिरत नव्हते, भाकरीसाठी फिरत होते. पहाटेची ती मेहनत टळली, हा लाभ हळहळीच्या भरात विसरता कामा नये. भाषेनेही हे स्थित्यंतर टिपले आहे. 'दळण' म्हणजे दळण्याची क्रिया. आता गिरणीत टाकावयाच्या धान्याच्या डब्यासही तोच शब्द लागतो. क्रिया स्त्रीच्या हातून सुटली. धान्य निवडण्याचे काम मात्र बहुधा तिच्याकडेच राहिले.

या ठिकाणी अमेरिकेची तुलना उद्बोधक ठरते. रूथ श्वार्ट्झ कोवान या इतिहासकार स्त्रीने १९८३ साली दाखवून दिले, की तेथे मका कुटणे व धान्य गिरणीपर्यंत वाहून नेणे ही कामे मुख्यत्वे पुरुषांची व मुलांची होती. तयार पिठाने ती कामे कमी झाली; उलट बारीक पांढऱ्या पिठाबरोबर पाव व केक यांची अपेक्षा वाढली व गृहिणीचे काम वाढले. महाराष्ट्रात दळणे स्त्रीचे असल्याने त्याच यंत्राने तिचा भार हलका केला.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. यंत्र श्रम वाचविते हे विधान अपुरे आहे. कोणाचे श्रम वाचतात, हे त्या समाजातील श्रमविभागणी ठरविते. म्हणून यंत्राच्या इतिहासात कारखान्याच्या भोंग्याइतकीच जात्याच्या घरघरीचीही नोंद होणे अगत्याचे आहे.