खरेदीखतानें राखलेलें अरण्य

जमिनीची मालकी आणि जंगलाचा नाश या दोन गोष्टी बहुधा एकीमागून एक येतात. कुंपण पडलें कीं कुऱ्हाड येते, कुऱ्हाडीमागून गुरें येतात, आणि अखेरीस घरबांधणीचे नकाशे येतात. असें असतां, ज्या खरेदीखतानें जंगल तुटतें त्याच खरेदीखतानें तें राखतां येईल काय, हा प्रश्न प्रथमदर्शनीं विचित्र वाटेल. मध्य अमेरिकेंतील कोस्टा रिका या लहानशा देशांत, मोंतेवेर्दे नांवाच्या डोंगराळ मुलखांत, या प्रश्नाचें उत्तर गेलीं सत्तरांहून अधिक वर्षें शोधलें जात आहे. त्याचीच हकीकत आज श्रोत्यांपुढें ठेवावयाची आहे.

हकीकतीचा आरंभ अरण्यापासून नव्हे, युद्धापासून होतो. अमेरिकेच्या अलाबामा राज्यांत फेअरहोप गांवीं क्वेकर पंथाचे कांहीं लोक राहत. शस्त्र हातीं न धरणें हा या पंथाचा धर्मच. सैन्यभरतीच्या नोंदणीस नकार दिल्याबद्दल १९४९ सालीं त्यांच्यापैकीं चार तरुणांस कारावासाची शिक्षा झाली. कोस्टा रिकानें तर १९४८ सालींच आपलें सैन्य मोडून टाकलें होतें. साहजिकच या लोकांचें लक्ष तिकडे वेधलें. १९५१ सालीं कांहीं कुटुंबांनीं मोंतेवेर्दे येथें सुमारें १४०० हेक्टर जमीन विकत घेतली आणि गाई पाळून चीझ करण्याचा धंदा आरंभिला. चराऊ रानासाठीं त्यांनींहि झाडें तोडलीं, हें सांगितलें पाहिजे. परंतु डोंगरमाथ्याकडील सुमारें तिसरा हिस्सा त्यांनीं तसाच राखून ठेवला. हेतु पक्ष्यांचा नव्हता, पाण्याचा होता. माथ्यावरचें धुकें पानांवर आणि शेवाळावर अडकून थेंबाथेंबानें खालीं उतरतें. झाडें गेलीं तर ओढेहि आटतील, हें त्या शेतकऱ्यांस उमगलें होतें.

पुढील वीस वर्षांत सभोंवारचें रान झपाट्यानें तुटूं लागलें. उभें जंगल म्हणजे पडीक जमीन, आणि तें तोडून गुरें चारणें म्हणजे जमिनीची सुधारणा, अशी तेव्हांची सरकारदरबारची समजूत होती. त्यामुळें तोडणाराचा कबजा बळकट होई, आणि राखणारा मालक मात्र दुबळा ठरे. अशा वेळीं जॉर्ज पॉवेल हे तरुण अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ तेथें आले. १९७२ सालीं, क्वेकर वसाहतींतील विल्फर्ड गुइंडन यांच्या साह्यानें, ३२८ हेक्टर जंगल मिळवून त्याचें रक्षित अरण्य करण्यांत आलें. त्याची व्यवस्था कोस्टा रिकांतीलच ट्रॉपिकल सायन्स सेंटर या संस्थेनें पत्करली. क्वेकरांनीं राखलेलें माथ्यावरचें रानहि पुढें तिच्याच देखरेखीखालीं आलें.

यापुढचा भाग मुलांचा आहे. १९८७ सालीं स्वीडनमधील एका खेड्यांतल्या शाळेंत, एहा केर्न या शिक्षिकेच्या वर्गांत, मोंतेवेर्देच्या जंगलाविषयीं बोलणें निघालें. ‘हें रान तुटूं नये म्हणून आपण तें विकतच घेतलें तर?’ असा विचार तेथें पुढें आला. मुलांनीं पैसे जमविले आणि पहिल्या खेपेस सहा हेक्टर जंगल विकत घेतलें गेलें. आदल्याच वर्षीं मोंतेवेर्दे येथें निघालेल्या एका स्थानिक संस्थेनें खरेदीचें काम अंगावर घेतलें. बघतां बघतां चव्वेचाळीस देशांतील मुलें या उद्योगांत सामील झालीं. ‘मुलांचें चिरंतन अरण्य’ या अर्थाचें नांव धारण करणारें हें रान आज बावीस हजार हेक्टरांहून मोठें असून, त्या देशांतील तें सर्वांत मोठें खाजगी रक्षित अरण्य आहे.

तथापि खरेदीखतानें सर्व कांहीं साधलें, असें म्हणतां येत नाहीं. खत झाल्यावर पहारेकरी नेमावे लागतात, शिकारी आणि घुसखोर यांना दूर ठेवावें लागतें, आणि हा खर्च दरवर्षींचा आहे. दुसरी अडचण पक्ष्यांनींच दाखवून दिली. या रानाचें भूषण म्हणजे हिरव्या-तांबड्या पिसांचा, लांब शेपटीचा क्वेत्झाल. पॉवेल यांनीं या पक्ष्यांना लहान रेडिओ-प्रेषक बांधून त्यांचा माग काढला. वीण संपतांच ते माथ्यावरून पॅसिफिककडील उतारावर जातात, मग डोंगर ओलांडून पूर्वेच्या उतारावर येतात, असें दिसून आलें. पॅसिफिककडील उतारावर तर जंगलाचे तुटक तुकडेच उरले होते. म्हणजे घरटें सुरक्षित, पण पुढच्या महिन्यांतील अन्न नाहीं! सीमा आंखतांना नकाशावर नव्हे, तर फळांच्या हंगामावर नजर ठेवली पाहिजे, हा धडा या पाहणीनें शिकविला.

तिसरी गोष्ट अधिक कष्टाची आहे. मोंतेवेर्देच्या माथ्यावर सोनेरी भेक नांवाचा प्राणी राहत असे. तो जगांत अन्यत्र कोठेंहि नव्हता. १९८७ सालीं त्याच्या विणीच्या डबक्यांपाशीं पंधराशेंहून अधिक भेक मोजले गेले. १९८९ सालीं एकच नर दिसला, आणि त्यानंतर एकहि नाहीं. त्याचें रान तोडलें गेलें नव्हतें. तें पूर्ण रक्षित होतें. कातडीवर पडणारी एक घातक बुरशी आणि हवामानांतील फेरबदल यांकडे शास्त्रज्ञ बोट दाखवितात. कोणाचा वांटा किती, याविषयीं त्यांच्यांत मतभेद आहेत. रोगाला आणि हवेला खरेदीखत दाखवितां येत नाहीं, एवढें मात्र स्पष्ट आहे.

मग या खटाटोपाचें फळ काय? १९९६ सालीं कोस्टा रिकानें नवा वनकायदा केला. नैसर्गिक जंगल तोडून त्या जमिनीचा दुसरा उपयोग करण्यास त्यानें बंदी घातली, आणि इंधनावरील कराच्या उत्पन्नांतून जंगल राखणाऱ्या मालकांस मोबदला देण्याची सोय केली. पूर्वीं जो मालक आळशी ठरत होता, तोच आतां लोकांचें पाणी राखणारा ठरला. हा कायदा येईपर्यंत जें तुटलें असतें, तें क्वेकर शेतकऱ्यांच्या दूरदृष्टीनें, एका पक्षिशास्त्रज्ञाच्या हट्टानें आणि मुलांच्या पैशानें उभें राहिलें होतें. कायदा उभ्या झाडाला संरक्षण देऊं शकतो. तुटलेलें अरण्य तो पुन्हा आणूं शकत नाहीं. त्या मधल्या वर्षांत झाडें उभीं ठेवणें, हेंच या खरेदीखतांनीं केलेलें काम होय.